खरवंडीकर सरांनी चहा घेतला

केडगावात कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की तो बँकेत नंतर जातो, आधी खरवंडीकर सरांकडे जातो. सुहास खरवंडीकर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला निदेशक होते. जन्मभर पोरांना इंजिनं उघडायला शिकवली आणि निवृत्त झाल्यावर गप घरी बसायचं सोडून लोकांसाठी गाड्या बघत जिल्हाभर हिंडायला लागले. घराणं भिक्षुकीचं. आजोबा पत्रिका जुळवायचे, वडील शाळेत संस्कृत शिकवायचे आणि सुहासरावांच्या नखांत मात्र कायम काळं ग्रीस. त्यांची बायको लीना म्हणायची, "या घरातलं पत्रिका बघणं काही सुटलं नाही. आजेसासरे मुलींच्या बघायचे, हे गाड्यांच्या बघतात."

बघायचे मात्र मन लावून. मालकाला आधीच निरोप असायचा की सर येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. गरम इंजिन कुणाचंही गोड चालतं. थंडगार असताना चावी मारली की धूर कोणत्या रंगाचा निघतो आणि खडखड किती वेळ टिकते, त्यावरून सरांना निम्मी गाडी कळायची. मग हात मागे बांधून गाडीभोवती एक फेरी. दार आणि पत्रा यांच्यातली फट सगळीकडे सारखी आहे का? बॉनेटच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे आहेत का? काचांच्या कोपऱ्यात छापलेलं साल एकच आहे, की एखादी काच मागाहून आलेली आहे? मीटर म्हणतं गाडी फार चालली नाही आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत, म्हणजे मीटर कुणीतरी मागे फिरवलेलं. पायातली चटई उचलून ते खालचा गालिचा चक्क हुंगायचे, कारण पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचा कुबट वास कितीही अत्तर मारलं तरी तिथे राहतो. सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढायचे आणि सोडायचे. आणि सगळ्यात शेवटी पोतं अंथरून गाडीखाली उताणे.

गाडी घेतल्यावरचं प्रवचन वेगळं. "मागच्या मालकाने काय काय केलंय ते त्याला विचारू नकोस. काहीच केलेलं नाही असं धरून चाल. इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, सगळं पहिल्या आठवड्यात बदल. टायरची हवा गार टायरवर तपास. आणि गाडी चालवताना फोन वाजला तर वाजू दे, कुणाचा का असेना."

एवढा जाणकार माणूस, पण त्याला एक गोष्ट जन्मात जमली नाही. कुणाच्या तोंडावर नाही म्हणणं. पूर्वी एकदा त्यांनी शेजाऱ्याच्या अंगणात, शेजाऱ्याच्याच समोर, त्याच्या गाडीची चॅसिस वाकलेली आहे असं गिऱ्हाइकाला सांगून टाकलं होतं. सौदा तिथेच मोडला आणि शेजारही. पुढे त्या घरी लग्न झालं, मांडव यांच्या दारापर्यंत आला आणि आमंत्रण काही आलं नाही. लीनाबाई त्या दिवशी दार लावून घरात बसल्या होत्या. ते सरांच्या जिव्हारी लागलं आणि त्यांनी एक युक्ती काढली.

आपल्याकडे दारात आलेल्याला चहाशिवाय कुणी सोडत नाही. गाडी बघून झाली की चहा येणारच. गाडी चांगली असली तर सर बसून, बशी मागून, फुरके मारत चहा घ्यायचे. वाईट असली तर छातीवर हात ठेवून म्हणायचे, "पित्त हो. चहा वर्ज्य आहे." तोंडाने मात्र दोन्ही वेळेला एकच वाक्य, "छान ठेवलीय हो गाडी." गिऱ्हाइकाला ते घरीच पढवून ठेवायचे. "मालकासमोर मी तोंडाने काय बोलेन ते ऐकू नकोस. माझ्या हातातल्या कपाकडे बघ आणि काय ते ठरव. मला विचारायला येऊ नकोस." हुशार माणूस आपल्या भित्रेपणाला नियमाचा सदरा घालतो तेव्हा तो फार रुबाबदार दिसतो. सर तर स्वतःच्या या युक्तीवर खूश होते.

अलीकडे मात्र चहाचा आग्रह फार वाढला होता. सर नको म्हणाले की मालक बिनसाखरेचा करतो म्हणायचे, दूध बेताचं घालतो म्हणायचे, मालकिणी स्वतः बाहेर येऊन हात जोडायच्या. एका एजंटाने तर खिशातून पित्ताची गोळी काढून पुढे केली. सरांनी संकोचून ती गिळली आणि वर अर्धा कप चहाही घेतला. घरी येऊन म्हणाले, "माणसं किती प्रेमळ असतात बघ." लीना म्हणाली, "पित्ताची गोळी खिशात घेऊन हिंडणारा एजंट मी तरी नाही पाहिला." सर हसले. त्यांनी तेव्हा हसायला नको होतं.

कानिफनाथ हा त्यांचा जुना विद्यार्थी. जामखेडच्या बाजूला एका खेड्यात बोअरच्या जळालेल्या मोटारी पुन्हा तार भरून द्यायचं त्याचं दुकान. बायको धनश्री आणि शाळेत जायला लागलेली लेक संस्कृती, तिघांचा संसार मोटारसायकलवर. मढीच्या कानिफनाथाला नवस बोलून झालेला हा मुलगा. आईने मरताना सांगितलं होतं की स्वतःची चारचाकी घेशील तेव्हा पहिली नाथाच्या पायाशी ने. श्रीगोंद्याच्या पुढे एका वस्तीवर सात सीटची गाडी विकायची आहे असं कळलं तसा त्याने सरांना फोन केला. सरांनी कपाचा नियम पुन्हा एकदा समजावला. "पाठ हाय सर," तो म्हणाला.

उसाचा हंगाम ऐन भरात होता. श्रीगोंद्याच्या स्टँडवर सर आणि ते तिघं भेटले आणि रिक्षा करून वस्तीकडे निघाले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा, माणसापेक्षा उंच, आणि मधून कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्या, पार दोन्हीकडून बाहेर लोंबणाऱ्या उसासकट. रिक्षा प्रत्येक ट्रॉलीमागे अडकायची. संस्कृती नवा फ्रॉक घालून आईच्या मांडीवर बसली होती आणि दर ट्रॉलीला ऊस मागत होती.

वस्तीवर गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी होती, धुऊन पुसून आरशासारखी. पण तिच्यात कुणीतरी बसलं होतं. मधल्या सीटवर, दार उघडं टाकून, एक म्हातारी बाई हात मांडीवर ठेवून समोर बघत होती. मालक आप्पासाहेब पुढे झाले आणि हलक्या आवाजात तिला म्हणाले, "मुक्ते, ऊठ. मानसं आल्यात." ती उठली, कुणाकडे न बघता घरात गेली. "बसती जरा वेळ. सवय लागलीय तिला," आप्पासाहेब म्हणाले आणि त्यांनी विषय बदलला. सरांना कसंतरीच वाटलं.

इंजिन गार होतं आणि पहिल्या चावीला सुरू झालं. धूर नाही, खडखड नाही. सरांना बरं वाटलं. मग फेरी सुरू झाली आणि बरं वाटणं हळूहळू ओसरत गेलं. पुढची काच मागच्या काचांपेक्षा बरीच नवी. बॉनेटचे बोल्ट रंगवलेले, पण कडा मोडलेल्या. ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टा कोरा करकरीत. शेजारच्या सीटचा जुना, आणि तो अर्ध्यावर येऊन असा अडकला की दोन्ही हातांनी ओढूनही पुढे येईना. असा पट्टा एकदाच अडकतो, गाडी जोरात कशावर तरी आदळते तेव्हा, आणि मग तो बदलावाच लागतो. सरांनी स्टिअरिंगवरचं झाकण अंगठ्याने दाबलं. ते आत गेलं. पोकळ. आतला एअरबॅगचा फुगा कधीच फुटून गेला होता आणि कुणीतरी वरून नुसतं टोपण बसवलं होतं. इशाऱ्याचा दिवा लागू नये म्हणून खाली वायरींचीही काहीतरी जोडाजोड केलेली होती.

सर पोतं घेऊन खाली शिरले. पुढच्या चाकांच्या जरा मागे, जाड काळ्या रंगाखाली, त्यांच्या नखाला एक उंचवटा लागला. त्यांनी रंग खरवडला. वेल्डिंगची रेघ या अंगापासून त्या अंगापर्यंत गेलेली होती. ही एक गाडी नव्हतीच. कुठल्यातरी गाडीचं पुढचं धड कापून या गाडीच्या मागच्या धडाला चिकटवलेलं होतं. सर तिथेच उताणे पडून राहिले. बाहेर संस्कृती हसत होती, तिची छोटी पावलं शेडच्या कडेला इकडून तिकडे पळताना दिसत होती.

तरी नियम म्हणून त्यांनी वस्तीच्या रस्त्यावर गाडी थोडी पळवली आणि ब्रेक दाबला. गाडी डावीकडे, उसाकडे ओढली गेली. परत येऊन ते उतरले आणि आप्पासाहेबांना म्हणाले, "छान ठेवलीय हो गाडी."

गिऱ्हाइकाने लांब राहायचं या नियमाप्रमाणे कानिफ कडुनिंबाखाली बायको-लेकीजवळ उभा होता. आप्पासाहेब त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "सांजच्याला पुन्याचं गिऱ्हाईक येतंय. जास्तीचं देतंय. पर तुमी आदी आला म्हून तुमास्नी." हे जुनी गाडी विकणारा प्रत्येक जण म्हणतो, आणि घेणारा प्रत्येक जण निम्मं खरं मानतो. सरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांचं ठरलं होतं. चहा आला की छातीवर हात, आणि एसटीत बसल्यावर कानिफला सगळं नीट सांगायचं. "आधी हात धुतो," म्हणून ते घराच्या मागच्या बाजूला गेले.

मोरीपाशी मुक्ताबाई होत्या. त्यांनी पाणी ओतलं, साबण दिला, पंचा दिला. मग म्हणाल्या, "तुमी आयटीआयचे खरवंडीकर सर न्हवं? माजा अमृत तुमच्या वर्गात हुता. लई नाव घ्यायचा तुमचं."

अमृत. सरांना आठवला. मोठ्या कानांचा, हसरा, स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिनाचा आवाज ऐकत बसणारा. सगळी पोरं जेवायला गेली तरी हा इंजिनापाशी. "हो हो, अमृत! कुठं असतो आता?"

मुक्ताबाईंनी शेडकडे बघितलं. "ह्याच गाडीत गेला. फुडं उसाची ट्रॉली हुती. तिला मागं दिवा न्हवता."

सर पंचा हातात धरून उभे राहिले. मुक्ताबाई आत गेल्या आणि कप घेऊन आल्या. "त्याला वळखनारं मानूस त्यो गेल्यापास्नं घरी आलं न्हाई. घ्या सर. माज्या हातचा घोटभर घ्या."

आता सांगा, कुणी काय केलं असतं? सरांनी कप घेतला. स्वयंपाकघराच्या दारात, अंगणातून आरपार दिसतं तिथे उभं राहून, त्यांनी तो संपवला. मुक्ताबाई सांगत होत्या, पोराला भरलं वांगं कसं आवडायचं, गाडी घेतली तेव्हा तिला किती दिवस पुसत बसायचा. सरांचे डोळे भरून आले. कप, नियम, कानिफ, सगळं त्यांच्या डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं. स्वतःच तयार केलेली खूण ते स्वतःच विसरले. इंजिन सुरू झाल्याचा आवाज त्यांनी ऐकला, पण तो कुठला तेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

बाहेर आले तेव्हा शेड रिकामी होती.

"गेली मंडळी," आप्पासाहेब मोकळ्या चेहऱ्याने म्हणाले. "इसार दिऊन गेली. कागद उद्या करू म्हनली. थेट मढीला निघाल्यात, मिरजगावात हार-नारळ घेत्यात. सर येत न्हाईत का म्हनलं म्या, तर पोरगं म्हनलं, सरांचं काम झालं, त्यास्नी दोन घटका निवांत बसू द्या."

"अहो, पण मी काहीच बोललो नव्हतो!"

"चहा घेतला न्हवं तुमी?" आप्पासाहेब हसले. "सर, आख्ख्या जिल्ह्याला ठावं हाय. एजंटच सांगत्यात, सरांनी कप तोंडाला लावला की गाडी इकली म्हून समजा."

सरांना एकेक आठवायला लागलं. पित्ताची गोळी. बिनसाखरेचा चहा. हात जोडून उभ्या राहिलेल्या मालकिणी. या दोन-तीन वर्षांत किती दारांत आपण भिडेखातर कप घेतला, आणि त्या त्या गाड्या आज कुठल्या रस्त्याने, कुणाला घेऊन धावत असतील? मग एक आणखी वाईट विचार आला. "मुक्ताबाईंना तुम्ही सांगितलं होतंत?"

आप्पासाहेबांनी मान खाली घातली. "चहा प्यायलाच पायजेल, येवढंच सांगितलं हुतं. अमृतचं ती आपल्या मनानं बोलली." जरा थांबून म्हणाले, "सर, ती रोज बसती त्या गाडीत. बोलती त्याच्याशी. गाडी दारातनं गेल्याशिवाय मानूस वाचायचं न्हाई माजं."

आणि मग सर बोलले. वर्षानुवर्षं गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "आप्पासाहेब, ती गाडी दोन गाड्या कापून जोडलेली आहे. समोरून टक्कर झाली तर ती जोडावर तुटेल. फुगा नाही, नुसतं टोपण आहे. डाव्या सीटचा पट्टा अडकलेला आहे. ब्रेक मारला की गाडी एका अंगाला जाते. आणि त्या डाव्या सीटवर ती पोर लेकराला मांडीवर घेऊन बसली असेल."

"गॅरेजवाला म्हनला की नव्यावानी झाली..." आप्पासाहेबांचा आवाज फुटला. त्यांना खरोखर माहीत नव्हतं. गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा त्यांनी तिच्याकडे डोळे उघडून बघितलंच नव्हतं.

मुक्ताबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "तितं हुबं काय ऱ्हायला?" त्या नवऱ्यावर कडाडल्या. "गाडी काडा. जावा त्यांच्या मागं!"

आप्पासाहेबांच्या मोटारसायकलवर मागे बसून सरांनी कानिफला फोन लावला. घंटी वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. पोरगा गाडी चालवताना फोन घेत नव्हता. सरांनीच शिकवलं होतं. त्याच्या बायकोचा नंबर सरांकडे नव्हता. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि रस्त्यावर नजर लावली. ऊन उतरत चाललं होतं. ट्रॉलीमागून ट्रॉली येत होती आणि प्रत्येकीला ओलांडताना सर पलीकडे काय दिसेल या धास्तीने श्वास रोखत होते. एका वळणावर माणसं गोळा झालेली दिसली. सरांनी आप्पासाहेबांचा खांदा करकचून धरला. जवळ गेल्यावर कळलं की ट्रॉलीचं टायर बसलं होतं.

मिरजगावच्या चौकात गाडी दिसली. उभी, धडधाकट. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढे झेंडूचा हार, खाली लिंबू-मिरची. संस्कृती पुढच्या सीटवर उभी राहून डॅशबोर्डवर हात आपटत होती. सरांना रडू यायचंच बाकी राहिलं.

कानिफ धावत आला, वाकून पाया पडला, पेढा पुढे केला. "सर! तुमी मागं आला व्हय? चला की मग मढीला."

"कानिफ, ऐक. ही गाडी घेऊ नकोस." सरांनी एका दमात सगळं सांगितलं. जोड, टोपण, पट्टा, ब्रेक. बोलताना त्यांना वाटत होतं की हे इतकं सोपं होतं, तर आपण जन्मभर का नाही केलं.

कानिफचा चेहरा पडला नाही. तो सरांकडे बघत होता, मग त्याने त्यांच्या मागे उभ्या असलेल्या आप्पासाहेबांकडे बघितलं आणि त्याचे डोळे बारीक झाले. "पुन्याचं गिऱ्हाईक आलं जनू."

"न्हाई रे बाबा," आप्पासाहेब म्हणाले. "तसलं गिऱ्हाईकच न्हवतं. आपलं म्हनायचं म्हून म्हनलो."

"म्हंजी मगाशी खोटं बोलला, आन आता खरं बोलताय?" कानिफ सरांकडे वळला. आवाज नम्र होता, पण त्यात दुखावल्याची धार होती. "सर, तुमीच सांगितलंय ना, मालकासमोर मी तोंडानं काय बोलतो ते ऐकू नको, कपाकडं बघ म्हून? मालक हितंच हुबा हाय. आन कप मी माज्या डोळ्यानं बघितला."

 आपल्या शब्दाला काही किंमत नाही, हे सरांनीच इतकी वर्षं सगळ्यांना घोकून घोकून पढवलं होतं.

"माजं पोरगं ह्याच गाडीत गेलं," आप्पासाहेब म्हणाले. भर चौकात, हार विकणाऱ्या बाईच्या पुढ्यात म्हणाले.

धनश्रीने चटकन लेकीला खाली ओढून छातीशी धरलं. "अवो..." ती नवऱ्याला म्हणाली. कानिफ क्षणभर गोंधळला. मग त्याचा चेहरा आणखीच बंद झाला. "सौदा मोडायला पोराचं मरान फुडं करायचं म्हंजी कमाल झाली. आत्तापत्तुर का न्हाई सांगितलं?" आणि सरांना म्हणाला, "सर, नाथाला निघालोय. आईचा शब्द हाय. अर्ध्या वाटंतनं माघारी फिरत न्हाईत. दर्शन करतो, उद्या गाडी तुमच्या दारात आनून हुबी करतो. तुमी मला समदं उघडून दावा. पटलं तर परत. मंग तर झालं?"

वाईट काहीच बोलला नव्हता तो. उद्या तो खरंच आला असता. मधे फक्त मढीपर्यंतचा रस्ता होता, गडाचा चढ होता, अंधारात परतीचा उतार होता आणि हंगामातल्या ट्रॉल्या होत्या.

चावी हिसकावून घ्यावी असं सरांच्या मनात आलं. आरडाओरडा करून माणसं गोळा करावीत असंही आलं. पण माणसं गोळा झाली असती तर त्यांनी काय केलं असतं? दोन म्हातारे एका पोराचा सौदा मोडायला आलेत, एवढंच त्यांना दिसलं असतं. सरांनी गाडीचं डावं दार उघडलं.

"धनश्री, तू संस्कृतीला घेऊन मधल्या सीटवर बस. तिथले पट्टे चांगले आहेत, मी ओढून बघितलेत. दोघींनाही लाव."

तिने नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. लेकीला उचलून मागे गेली आणि पट्टा लावून तिला घट्ट धरून बसली. सर पुढच्या सीटवर चढले. पट्टा ओढला, तो अर्ध्यावर अडकला, त्यांनी तो सोडून दिला.

"सर, उतरा," आप्पासाहेब खिडकीला धरून म्हणाले. "तुमी कशाला बसताय? उतरा म्हनतो ना."

"मढीला चला म्हणालाय तो, तर येतो मी," सर म्हणाले. "चल कानिफ. हळू घे."

कानिफने चावी फिरवली. त्याला राग आला होता आणि लाजही वाटत होती. गाडी चौकातून सुटली. गावाची शेवटची घरं मागे पडली तशी समोर ट्रॉली दिसली, उसाने ओथंबलेली, रस्ता भरून चाललेली. मागे दिवा नव्हता. मघापासून हळूच लावत आणलेला ब्रेक या वेळी कानिफने जोरात दाबला आणि स्टिअरिंग त्याच्या हातात डावीकडे फिरलं. चाक खडीवर उतरलं, सरांच्या बाजूची काच बाभळीच्या फांद्यांना घासत गेली. त्याने कशीबशी गाडी वर घेतली आणि ट्रॉलीच्या मागेच ठेवली. मागे संस्कृती खुदकन हसली. तिला वाटलं बाबा गंमत करतायत.

कानिफने दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून धरलं होतं. रस्त्यावरची नजर न काढता तो अगदी हळू म्हणाला, "सर, तुमी खरं बोलत हुता?"

"हो."

"मंग बसला कशाला ह्यात?"

"तू ऐकेनास म्हणून."

कानिफने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, गाडीचा वेग उतरू लागला. आरशात त्याला बायकोचा चेहरा दिसला आणि तिच्या मागे, पार काचेपर्यंत आलेली, दुसरी ट्रॉली दिसली. डाव्या अंगाला खोल चर होता, उजवीकडून समोरच्या गाड्या येत होत्या.

"ब्रेक दाबू नकोस," सर म्हणाले. "कडेला जागा दिसली की घे आणि थांबव."

कानिफने मान हलवली. दिवस मावळत होता आणि दोघंही पुढे बघत होते. जागा कुठे दिसत नव्हती.